ना पुढे, ना मागे

इंजिन पहिल्या चावीला सुरू होतं. आयडल स्थिर. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पार्कमधून रिव्हर्समध्ये आणला, न्यूट्रल ओलांडून ड्राइव्हमध्ये नेला, तरी एरवी बसतो तो बारीकसा हिसका बसत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर इंजिन मोकळ्या गळ्यानं ओरडतं आणि गाडी ढिम्म. जुना गिअरबॉक्स उतरवून भंगारातून आणलेला दुसरा चढवल्यावर, हातपाय धुऊन गाडीत बसलेल्या माणसाला मिळालेला हा निकाल.

अमेरिकेत पिकअप ट्रक ही घरगुती गाडी, आणि तिचा गिअरबॉक्स आपल्याच अंगणात बदलणारे हौशी लोकही पुष्कळ. नवा बॉक्स परवडत नाही, म्हणून अपघातात गेलेल्या गाड्यांच्या यार्डातून तो आणायचा. आपल्याकडे कुर्ल्याला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चालतो तसाच हा व्यवहार: ‘चालू गाडीतून काढलाय’ हे विकणाऱ्याचं वाक्य आणि त्यावर घेणाऱ्याचा अर्धामुर्धा विश्वास. त्यामुळे गाडी हलली नाही की पहिला उद्धार होतो तो यार्डवाल्याचा. फसवलं लेकाच्यानं!

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बेचव वाटतो. समोरचं लक्षण किती बोलकं आहे हे त्यात कुणी वाचतच नाही. गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, मधलाच एखादा गिअर गाळते, गरम झाली की घसरते, अशी अर्धवट लक्षणं ही जुन्या बॉक्सच्या पोटातल्या झिजेची. पण कुठल्याच गिअरमध्ये काहीच नाही, हा नकार इतका संपूर्ण आहे की एवढ्या मोठ्या नकाराला झीज पुरी पडत नाही. काल दुसऱ्या गाडीत चाललेला बॉक्स आज एकदम मुका झाला असेल, तर तो बहुधा आतून मुका झालेला नसतो. तो गाडीला जिथं जिथं जोडला, तिथल्या एखाद्या जोडात काहीतरी राहून गेलेलं असतं. चांगला मिस्त्री हे कसं वाचत जातो, ते पाहण्यात मला मोठा रस आहे.

वाचायला एक ठरावीक गाडी घेऊ. १९९९ च्या मॉडेलपासून निघालेल्या पिढीची शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, चारही चाकांना ओढ देणारी. तिच्यात असतो तो ४एल६०-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नावातच त्याचा पत्ता आहे: पुढचे चार गिअर, लांबीत बसणारा, ६० हा ताकदीचा तुलनात्मक आकडा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. मूळ बॉक्स १९८२ चा, ७००-आर४ नावाचा. १९९० मध्ये त्याचं नुसतं नाव बदललं आणि १९९३ पासून त्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. लाखोंनी बनला, म्हणून यार्डात ढिगानं मिळतो. वजन तेल सोडून सत्तर किलोच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण पुढच्या साऱ्या विचारामागे तो उभा आहे. बॉक्स पुन्हा खाली घेणं म्हणजे पुन्हा तेवढंच वजन छातीवर. म्हणून खाली घेण्याआधी जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं.

सुरुवात कानांपासून. इंजिन ‘मोकळं’ ओरडतंय की ‘दाबून’? ब्रेक धरून राहिला असेल, किंवा कुठं काही जाम झालं असेल, तर ड्राइव्हमध्ये टाकताच इंजिनचा आवाज खाली येतो, गाडी मागून किंचित उचलते, फेरे एका मर्यादेच्या वर जात नाहीत. इथं तसं काही नाही. न्यूट्रलमध्ये ओरडावं तसंच ते ड्राइव्हमध्ये ओरडतंय. म्हणजे कुणी अडवत नाहीये. इंजिनच्या शक्तीला कुणी हातच लावत नाहीये. एवढ्या एका फरकानं हँडब्रेक, ब्रेकचे ड्रम, जाम बेअरिंग हे सगळे संशयित घरी गेले.

आपल्या एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकवर हाच फरक जास्त ठसठशीत ऐकू येतो. तिथं पार्किंग ब्रेक स्प्रिंग धरते आणि हवा सोडवते. गिअरबॉक्स काढताघालताना एखादी हवेची नळी सैल राहिली तर टाकीत दाब भरत नाही, मागची चाकं सुटत नाहीत, आणि क्लच सोडला की इंजिन कण्हत बंद पडतं. गिअरबॉक्सवाल्याला शिव्या बसतात आणि दोष असतो नळीच्या नटात. इंजिन कण्हतं की ओरडतं, हे ज्यानं नीट ऐकलं त्याचं अर्धं काम झालं.

आता ई या अक्षराचं. आजकालचा माणूस गाडी हलली नाही की आधी स्कॅनर लावतो. या गाडीत या लक्षणासाठी स्कॅनर आधी लावणं मला अरसिकपणाचं वाटतं, आणि त्याचं कारण बॉक्सच्या रचनेतच आहे. गिअर बदलायला यात दोन सोलेनॉइड आहेत. दोन्हींना वीज मिळाली की पहिला गिअर, एकच चालू असेल तर कुठला त्यावर दुसरा किंवा चौथा, आणि दोन्ही बंद असतील तर तिसरा. म्हणजे वायरिंगचा कनेक्टर लावायचा राहूनच गेला, तरी ही गाडी ड्राइव्हमध्ये तिसऱ्यावर सुटते. म्हशीसारखी सुस्त, पण सुटते. तेलाचा दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडची वीज गेली तर दाब कमी होत नाही, उलट सर्वांत जास्त होतो. आणि रिव्हर्स तर लिव्हरनं सरकणाऱ्या व्हॉल्व्हमधून तेलाच्या वाटेनंच लागतो. वीज गेली तरी घरी पोचता यावं म्हणून बनवणाऱ्यांनी केलेली ही सोय आहे. निदान करणाऱ्याला ती आयता पुरावा देते: पुढे आणि मागे दोन्ही नाही, म्हणजे दोष विजेचा नाही. एकही वायर न तपासता सगळ्या वायरा बाद.

या बॉक्सचं सर्वांत गाजलेलं दुखणं शेजारी ठेवलं की हा युक्तिवाद आणखी खुलतो. आत पत्र्याची एक घंटेसारखी वाटी असते, तिला सन शेल म्हणतात. ती तुटली की गाडीचा रिव्हर्स, दुसरा आणि चौथा एकदम जातात. पहिला आणि तिसरा शाबूत राहतात. ऐकताना विचित्र वाटतं, पण या तिन्ही गिअरची वाट त्याच वाटीतून जाते. अशी निवडक गैरहजेरी दिसली तर यार्डवाल्याला खुशाल फोन करावा. आपल्याकडे मात्र सगळेच गैरहजर आहेत. मग विचारायचं ते एवढंच: पुढच्या गिअरना आणि रिव्हर्सला समाईक काय? क्लच वेगळे, त्यांच्या तेलाच्या वाटा वेगळ्या. समाईक ते अगदी मोजकं: इंजिनाकडून फेरा घेणारा टॉर्क कन्व्हर्टर, तेल ढकलणारा पंप, आत येणारा शाफ्ट, बाहेर जाणारा शाफ्ट आणि त्याच्यापुढची चाकांपर्यंतची साखळी, आणि लिव्हरची केबल. एवढ्या भागांत चोर लपलाय. यातले निम्मे एकाच खेपेत बाद करणारी चाचणी आहे, तिला पैसा लागत नाही आणि इंजिनही सुरू करावं लागत नाही.

सपाट जागा बघायची. चाकांपुढे-मागे चार बोटं सोडून लाकडाचे ठोकळे ठेवायचे. इंजिन बंद, लिव्हर पार्कमध्ये, हँडब्रेक सैल. आणि गाडी ढकलायची.

पार्कमध्ये बॉक्सच्या आत एक दाता बाहेर जाणाऱ्या शाफ्टला अडकतो, बाकी काही होत नाही. गाडी ठामपणे अडली, तर त्या शाफ्टपासून चाकांपर्यंतची अख्खी साखळी धड आहे: प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, डिफरन्शियल, एक्सल, सगळं. दोष पुढच्या अर्ध्यात, इंजिनाच्या बाजूला. आणि गाडी खुशाल घरंगळली तर? तर साखळी मागेच कुठंतरी सुटली आहे, आणि कदाचित बॉक्स आत बिचारा इमानानं फिरतोय. एका ढकलण्यात गाडीचे दोन तुकडे करून त्यातला एक बाजूला ठेवणारी ही चाचणी, काटकसरीच्या बाबतीत मला तिच्या तोडीची दुसरी ठाऊक नाही.

पण तिला एक पेच आहे. घरंगळण्याचे अर्थ दोन निघतात. एक तर मागे काही सुटलंय; नाहीतर लिव्हर पार्क दाखवतोय आणि बॉक्स पार्कमध्ये गेलेलाच नाही. बॉक्स बदलताना केबलचं ब्रॅकेट वाकतं, केबलची जुळणी करायची राहते, आणि मग गाडीत ड्राइव्ह दिसतं तेव्हा खाली बॉक्स न्यूट्रलमध्ये असतो. यावर उपाय खाली सरपटण्याचा. बॉक्सच्या कुशीतल्या लिव्हरवरून केबल काढायची आणि तो हातानं एका टोकापर्यंत न्यायचा. प्रत्येक खाचेवर बोटांना स्पष्ट ‘टक’ लागतो. टोकाच्या पार्कपासून ते मोजत यायचं आणि गाडीतल्या लिव्हरशी ताडून बघायचं. केबलनंच दगा दिला असेल तर दुरुस्ती दहा मिनिटांची, आणि एवढा घाम गाळल्यावर ती थोडी अपमानास्पदच वाटते.

केबल बरोबर आहे, बॉक्स खरोखर पार्कमध्ये आहे, तरी गाडी घरंगळते, तर ट्रान्सफर केसकडे वळायचं. हा बॉक्सच्या शेपटीला लागलेला दुसरा छोटा बॉक्स, पुढच्या आणि मागच्या चाकांत शक्ती वाटणारा. त्यालाही स्वतःचं न्यूट्रल असतं, आणि तो न्यूट्रलमध्ये असला की गिअरबॉक्स पार्कमध्ये असूनही गाडी उतारावर निघून जाते. बटणांच्या सिल्व्हराडोमध्ये हे न्यूट्रल मुद्दामच आडवळणाचं ठेवलंय: ‘टू हाय’ आणि ‘फोर लो’ ही दोन बटणं एकदम दहा सेकंद दाबून धरली तरच ते लागतं. पण बॉक्स बदलताना ट्रान्सफर केस काढावाच लागतो. त्याच्यावरची मोटर बाकावर कुणी उतरवली, शाफ्ट हातानं फिरवून पाहिला आणि मोटर तशीच चढवली, की डॅशबोर्डावरचा दिवा एक सांगतो आणि आतले दात दुसरंच करतात. हात लागलाच आहे तर ट्रान्सफर केसचं तेलही पाहून घ्यावं. या पिढीतल्या काही केसमध्ये आतल्या पंपाच्या क्लिपा मागचं कवच आतून घासत घासत भोक पाडतात आणि तेल कधी गेलं ते कळतच नाही. आपल्या लक्षणाशी त्याचा संबंध नाही, पण पुन्हा खाली शिरायचा कंटाळा कुणाला नसतो?

समजा, गाडी पार्कमध्ये पक्की अडली. आता इंजिनाची बाजू. इथं हातात घ्यायची ती डिपस्टिक. तेल किती हे तिनं सगळेच बघतात; पण तेल हलतंय का, हेही तिनं बघता येतं. ही तिची उपेक्षित हुशारी. इंजिन बंद असताना पातळी बघून ठेवायची. मग कुणालातरी इंजिन सुरू करायला लावून, लिव्हर पार्कमध्येच ठेवून, पुन्हा बघायची. पंप जिवंत असेल तर तो तेल उचलून कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांत, कूलरमध्ये भरतो, आणि डिपस्टिकवरची पातळी झरझर खाली येते. रेघ जिथल्या तिथं राहिली, तर पंप फिरत नाही. पातळी पार तळाला गेली, टोकाला फेस दिसला, तर पंप फिरतोय पण तेलासोबत हवा ओढतोय.

दुसऱ्या प्रकारात आनंद मानावा, कारण तो फुकटात सुटतो. नेहमीच्या सर्व्हिसला पॅन उघडून बदलायचं तर या बॉक्सला साधारण पाच लिटर तेल लागतं, आणि तोच आकडा डोक्यात बसलेला असतो. पण कन्व्हर्टरसकट कोरडा झालेला बॉक्स दहा-अकरा लिटर पितो. पाच लिटर ओतून ‘भरलं’ म्हणणाऱ्याची गाडी हलली नाही तर नवल काय? किंवा फिल्टर नवा घातला आणि त्याच्या नळीचं सील नीट बसलं नाही. मग पंप तेलाऐवजी त्या फटीतून हवा खेचतो. दोन्ही वेळा बॉक्स जागेवरच राहतो.

रेघ हललीच नाही, तर मात्र या सगळ्या प्रकरणाच्या गाभ्याशी आपण आलो. पंपाला स्वतःची मोटर नाही. तो कन्व्हर्टरच्या मानेवर फिरतो, आणि कन्व्हर्टर इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला बोल्टांनी बांधलेला असतो. पंप फिरत नाही याचा अर्थ या ओळीतली एक कडी बसलेली नाही. बोल्ट घालायचेच राहिले असतील तर खालून बॅटरीच्या उजेडात ते दिसतात, घालता येतात, आणि त्या दिवशी देवाला नारळ फोडावा. ते जागेवर असतील तर उरतो तो कन्व्हर्टरच्या बैठकीचा प्रश्न. ऑटोमॅटिक बॉक्स चढवण्याच्या साऱ्या कामात माझ्या मते खरी कारागिरी लागते ती याच ठिकाणी.

कन्व्हर्टर म्हणजे तेलानं भरलेला, वीसेक किलोचा बंद गोळा. तो बॉक्सच्या तोंडावर सरकवायचा असतो तो एकात एक बसलेल्या शाफ्टांवर, आणि तिथं त्याला तीन ठिकाणी गुंतायचं असतं: आतल्या टर्बाइनच्या दातांत, स्टेटरच्या दातांत आणि शेवटी पंपाच्या खाचांत. प्रत्येक ठिकाणी तो आपोआप थांबतो आणि नवशिक्याला वाटतं, बसला. जाणता माणूस तेव्हा तो हलके आत रेटत डावी-उजवीकडे फिरवत राहतो. मग एक दणका, कन्व्हर्टर बोटभर आत. पुन्हा फिरवणं, पुन्हा दणका. शेवटचा, पंपाचा, कधी लगेच लागतो, कधी अर्धा तास छळतो. पंपाच्या खाचा कुठल्या दिशेला थांबल्यात ते दिसत नाही. सगळा शोध मनगटाचा. हा शेवटचा दणका ज्यानं हातांनी अनुभवलाय तो पुढे कधी शंकेनं थांबत नाही. ज्यानं अनुभवला नाही, त्याला तो चुकल्याचंही कळत नाही.

आणि ते कळायला एक सुरेख संधी असते. कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला असेल, तर बॉक्स इंजिनाला हातानंच भिडतो, कडेला कडा लागते, आणि तरीही कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात तीन ते पाच मिलिमीटरची फट राहते. कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरतो. मग तो पुढे ओढून बोल्ट लावायचे. याउलट बॉक्स इंजिनापासून बोटभर लांब अडला, तर तो तिथं थांबून सांगत असतो की आत काहीतरी चुकलंय. थकलेला माणूस नेमकं ते ऐकत नाही. लांब बोल्ट घालतो आणि पान्यानं आवळत आवळत फट मिटवतो. बोल्टाच्या आट्यांत तेवढी ताकद असते. फट मिटते आणि आत कन्व्हर्टरची मान पंपाला रेटून फोडते. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. यार्डातून धडधाकट आलेला बॉक्स मरतो तो असा, शेवटच्या दोन बोल्टांच्या मध्ये.

बोल्ट आवळून फट न मिटवताही बैठक चुकू शकते, आणि तिथं जुन्या मालाची गुंतागुंत येते. या घराण्याचे बॉक्स बाहेरून एकमेकांचे जुळे भाऊ दिसतात, पण १९९८ च्या सुमारास नव्या इंजिनांसाठी आत येणारा शाफ्ट आणि पंप बदलला, कन्व्हर्टरही २९८ ऐवजी ३०० मिलिमीटरचा आला. दोन मिलिमीटरचा फरक म्हणून जुना कन्व्हर्टर नव्या बॉक्सला लावू जाल तर जमत नाही. त्याच इंजिनांच्या क्रँकचं मागचं तोंडही बहुतेक गाड्यांत जुन्यापेक्षा सुमारे दहा मिलिमीटर आत आहे. त्यांच्यामागे जुन्या काळातला बॉक्स लावायचा तर मध्ये चकती लागते. ती विसरली की कन्व्हर्टर पुढे ताणला जातो आणि पंपाच्या खाचांतली त्याची पकड निसटती राहते. म्हणून यार्डात बॉक्स निवडताना त्याच्यासोबतचा कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटही मागून घेणारा माणूस मला शहाणा वाटतो; थोडे डॉलर वाचवणारा नाही.

हे सारं करूनही खात्री हवी असेल तर बॉक्सच्या कडेला दाब मोजायची एक जागा आहे. तिथला प्लग काढून गेज लावायचा. आयडलला पन्नासाच्या पुढे पीएसआय दिसला तर पंप निर्दोष, आणि मग आत येणारा शाफ्ट किंवा टर्बाइनचे दात हे दुर्मीळ संशयित उरतात. काटा शून्यावर पडून राहिला, तर बॉक्स खाली घ्यायचा. आता तो घेताना निदान काय बघायचंय हे ठाऊक असतं: पंपाच्या खाचांवरचे ओरखडे, मानेवरची घासणूक, पुढच्या सीलमधून गळलेलं लाल तेल.

पंप फुटलेला निघाला तर नुसता पंप बदलून भागत नाही. त्याचा चुरा तेलासोबत कन्व्हर्टरमध्ये आणि रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमध्ये जाऊन बसलेला असतो. कन्व्हर्टर बंद गोळा. तो धुता येत नाही, बदलावाच लागतो. कूलर आणि नळ्या उलट्या दिशेनं धुऊन काढाव्या लागतात, आणि नेमकं हेच काम घाईत टाळलं जातं. न धुतलेल्या कूलरवर नवा पंप चढवणाऱ्याची गाडी त्या दिवशी हलते, आठवडी बाजारालाही जाऊन येते. मग साठलेला चुरा एकेका व्हॉल्व्हमध्ये अडकायला लागतो, गिअर एक एक करून गळतात, आणि या वेळी दोष खरोखरच बॉक्सच्या आत सापडतो.